नीलपंखच्या दोन मुली

ज्यांनी डकोटा विमानात जन्मात पाय ठेवला नाही, त्यांनाच त्याच्या आठवणीनं सगळ्यात जास्त भरून येतं, हे मला संभाजीनगरला जाऊन कळलं. एरवी आपल्याकडे खिळखिळ्या मोटारीला डकोटा म्हणतात. लोक उगाच नावं ठेवत नाहीत. पण शेंद्र्याच्या रस्त्यावर एका हॉटेलवाल्यानं तसलं एक विमान भंगारातून आणलं, सिमेंटच्या खांबांवर चढवलं, निळापांढरा रंग दिला, आत टेबलं टाकली, आणि त्या शहरातली बरीच शहाणी माणसं एकदम हळवी झाली.

माझी आई मात्र डकोटातून खरोखर उडालेली आहे. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी ‘नीलपंख’ नावाची एक छोटी कंपनी हैदराबाद, औरंगाबाद, मुंबई अशी विमानं चालवायची. महायुद्धातून उरलेली तीन-चार विमानं, एवढाच तिचा संसार. पुढे ती सरकारी कंपनीत विरून गेली. त्या नीलपंखमध्ये आई हवाई सुंदरी होती. आजोबा मूळचे फुलंब्रीचे, औरंगाबादेत शाळामास्तर. पोरीला विमानात पाठवलं म्हणून भावकीनं त्यांना वाळीत टाकायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आई आता एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि पुण्यात माझ्याकडे असते. तिचा विमानाच्या शिडीवरचा एक फोटो आमच्या दिवाणखान्यात कायम लावलेला आहे. आलेल्यागेलेल्याला आम्ही तो कौतुकानं दाखवतो. तिला कुणी त्याबद्दल विचारलं की ती चहाचं बघायला आत जाते, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पुणे

हॉटेलवाल्यांचं नाव संजयराव. त्यांनी फोनवर आईला ‘सुवर्णकाळाच्या साक्षीदार’ म्हटलं. विमान-हॉटेलचं उद्घाटन तिच्या हस्ते करायचं होतं. मी गोड शब्दांत नाही म्हणायच्या बेतात होते. रिबिनी कापायला म्हातारी माणसं बोलवायची आणि फोटो काढून झाले की त्यांना कोपऱ्यात बसवून विसरायचं, हा प्रकार मी बँकेतल्या नोकरीत पुष्कळ पाहिला आहे.

पण दोन दिवसांनी निमंत्रणपत्रिका आली. तिच्यावर एक जुना फोटो होता. विमानाच्या पंखाखाली एकसारख्या साड्या नेसलेल्या दोन तरुण मुली. एक आई. दुसरी उंच, नाकेली, कॅमेऱ्याकडे न बघता हसणारी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘छायाचित्र: कौसर बेगम यांच्या संग्रहातून’.

आईनं भिंग मागितलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

“जायचं,” ती म्हणाली.

“आई, पाच-सहा तासांचा रस्ता आहे. तुला झेपणार नाही.”

“मला काय चालायचंय का? बसूनच जायचंय ना. गाडी तू चालवणार.”

“ही कौसर कोण?”

“होती एक मैत्रीण,” आई म्हणाली आणि भिंग डब्यात ठेवून दिलं.

वाळूजमार्गे

नगर ओलांडलं की आईची भाषा बदलते. पुण्यात साठ वर्षं राहून कमावलेलं ‘नाही’ गळून पडतं आणि ‘नाय’ येतं. नेवाशाजवळ गोदावरीचा पूल लागला तेव्हा ती “लई पाणी हाय या साली” असं स्वतःशीच म्हणाली. पुढे वाळूजला आम्ही नेमके पाळी सुटायच्या वेळेला सापडलो. कारखान्यांच्या बसेस, त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या शेकडो मोटारसायकली, आणि त्यात आमची गाडी तापून बंद पडली. निळ्या कपड्यांतल्या तीन-चार कामगारांनी न विचारता ढकलून ती बाजूला घेतली, पाणी घातलं. एकानं आत डोकावून विचारलं, “आजी, कुठं निघाल्या?”

“विमान बघायला,” आई म्हणाली.

“विमानतळ लांब हाय अजून. पल्याड चिकलठाण्याला.”

“तिथलं नाय. शेंद्र्याचं.”

“ते व्हय!” तो हसला. “ते काय उडतंय थोडंच!”

तीन दिवसांत त्या विमानाबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात समजूतदार वाक्य हेच.

शहरात शिरल्यावर आईनं नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचा हट्ट धरला. पुण्यात मसालेदार रश्श्याला सगळे तर्रीच म्हणतात आणि तिखटपणावर त्याची किंमत ठरवतात. इथला खलिया दिसायला भडक, पण जिभेवर मवाळ. वरचा लाल तवंग नानच्या जाड, पिवळसर पोटात मुरवून खायचा. आईनं न सांडता अर्धा नान संपवला. मी साडीच्या पदरावर डाग पाडून घेतला.

शेंद्रा

उद्घाटन सकाळी अकराला होतं, म्हणजे एकला सुरू झालं. शेंद्र्याला एका बाजूला नवे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला तुरीची शेतं, आणि त्यांच्या मधोमध हे विमान, लग्नाच्या घोड्यासारखं सजवलेलं. शिडीच्या दोन्ही बाजूंना आकाशी साड्यांतल्या मुली अत्तर शिंपडत होत्या. वेटरांना वैमानिकाच्या टोप्या होत्या. जेवणाच्या यादीत ‘टेक-ऑफ सूप’ आणि ‘कॅप्टन थाळी’. पुरुषांच्या स्वच्छतागृहावर ‘पायलट’ लिहिलेलं, बायकांच्या स्वच्छतागृहावर ‘हवाई सुंदरी’. मी आईकडे बघितलं. ती ती पाटी वाचत होती.

विमान नीलपंखचं होतं का, हे मी संजयरावांना विचारलं.

“त्याच काळातलं आहे ना, ताई,” ते म्हणाले. “भावना महत्त्वाची.”

म्हणजे नव्हतं. कुठलं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आईला दोघांनी हात धरून वर चढवलं. दारात ती थबकली आणि आतल्या जमिनीकडे बघत राहिली.

“हे सपाट केलंय,” ती म्हणाली.

“हो, आजी. टेबलं नीट बसावीत म्हणून.”

“डकोटा शेपूट टेकून बसायचं. आत शिरलं की चढ चढावा लागायचा. हातात पाण्याचा ट्रे घेऊन. हे विमान नाय, ही यस्टी हाय.”

संजयराव खळखळून हसले. म्हातारं माणूस खरं बोललं की ते विनोद समजायची एक सोय आपल्या समाजात आहे, आणि तिचा त्या दिवशी भरपूर वापर झाला. मग भाषणं झाली. एक गृहस्थ म्हणाले की तेव्हा प्रवासात माणुसकी होती. दुसरे म्हणाले की तेव्हा विमानात शिरलं की राजवाड्यात शिरल्यासारखं वाटायचं. हे गृहस्थ माझ्याहून धाकटे होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ‘सोनेरी दिवस’ हे शब्द इतक्यांदा वापरले की शेवटी त्यांचा आवाज आपोआप ओला व्हायला लागला. त्यांनीच माईक आईपुढे धरला.

“आजी, त्या सोनेरी दिवसांबद्दल दोन शब्द?”

“उलट्या आन् पेट्रोल,” आई म्हणाली.

सगळे हसले. हसणं संपेपर्यंत आई थांबली.

“हसू नका. विमान लई खालून उडायचं. घाटावर आलं की सुपात घातल्यासारखं पाखडायचं. पेपरमिंटच्या गोळ्या आन् कानात घालायला कापूस वाटायचा, मग निम्मी माणसं कागदी पिशवीत तोंड घालून बसायची. त्या पिशव्या आम्ही गोळा करायचो. दर सोमवारी मॅनेजर आम्हा दोघी पोरींना सामानाच्या काट्यावर उभं करायचा, पोत्यासारखं. हमाल बघत असायचे. वजन वाढलं तर नोकरी गेली. लगीन झालं तर नोकरी गेली. आमची वयं काय व्हती? एकोणीस-वीस. कोण काय बोलणार? हे तुमचे सोनेरी दिवस.”

टाळ्या पडल्या, त्याही जोरात. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे टिपत म्हणाले, “या वयात काय सेन्स ऑफ ह्युमर आहे!”

रिबीन कापली, फोटो झाले आणि आम्हाला कोपऱ्यात बसवलं. सूप येईपर्यंत आईनं संजयरावांना खुणेनं बोलावलं.

“फोटोतली दुसरी मुलगी हयात हाय का?”

“कौसर मॅडम? आहेत की. रोशन गेटला राहतात. नव्वदीच्या आहेत. फोटो त्यांच्या नातीनं दिला. आम्ही आमंत्रण द्यायला गेलो होतो, पण त्या म्हणाल्या,” इथे संजयराव जरा दुखावल्यासारखे झाले, “विमान बघायचं असलं तर मी मान वर करून बघते. पैसे लागत नाहीत.”

त्या दिवशी पहिल्यांदाच आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. पण लगेच मावळलं. तिनं सूप घेतलं नाही.

रोशन गेट

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. पुण्यात असं न कळवता कुणाच्या दारात उभं राहिलं तर दार उघडणारा आधी घड्याळाकडे बघतो. इथे सना, म्हणजे कौसरमावशींची नात, आईचं नाव ऐकताच “दादी, सिंधूदादी आल्यात!” असं ओरडत आत धावली. ते नाव त्या घराला माहीत होतं.

कौसरमावशी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उंची वाकून गेली होती, नाक तसंच होतं. त्यांनी आईला जवळ ओढलं, दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं.

“सिंधू, किती म्हातारी झालीस गं!”

“आन् तू काय कवळी हायेस?”

दोघी हसल्या, मग दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाकरवडीचा पुडा पुढे केला. “पुण्याचे लोक हेच आणतात,” मावशी मला म्हणाल्या, “बस बेटा, बस.” त्यांनी आपलं सगळं चार वाक्यांत सांगितलं. नोकरी गेल्यावर शिकल्या, मुलींच्या उर्दू शाळेत लागल्या, हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाल्या. नवरा चांगला होता. मुलगा रियाधला आहे. मग त्यांनी आईला विचारलं, “पण तू एवढ्या लांबून कायको आलीस? त्या पत्र्याच्या डब्यासाठी?”

“नाय. तुला एक सांगायचं व्हतं.” आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. “तुझ्या निकाहाचं मॅनेजरला मी सांगितलं.”

मला काहीच कळलं नाही. ते आईनंच पुढे उलगडलं, माझ्याकडे एकदाही न बघता. कंपनीनं फेऱ्या कमी केल्या होत्या. दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते. कौसरचं उर्दू चांगलं, इंग्रजी चांगलं, तीच राहणार हे उघड होतं. पण त्याच महिन्यात कौसरचा घरच्या घरी निकाह लागला होता. सासरी पाठवणी वर्षानं व्हायची होती, म्हणून बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. कंपनीला लग्न झालेली मुलगी चालत नव्हती. घराबाहेर हे एकट्या आईला माहीत होतं.

“मला काढलं असतं तर फुलंब्रीला नेऊन मामाच्या पोराशी लावून देणार व्हते,” आई म्हणाली. “तो पीत व्हता. मला दुसरी वाट दिसली नाय. सोमवारी काट्यावर उभी व्हते. मॅनेजरनं विचारलं, कौसर आज का नाय आली. मी म्हणाले, तिच्या घरी पाहुणे हायेत, निकाह झालाय तिचा. बोलून गेले असं मी कैक वर्षं स्वतःला सांगितलं. पण मी बोलून नाय गेले. ठरवून बोलले. दीड वर्ष नोकरी केली तुझ्या जागेवर. मग शैलाच्या वडलांचं स्थळ आलं.”

शैला म्हणजे मी. आमच्या दिवाणखान्यातला तो फोटो त्या दीड वर्षातलाच. शेंद्र्याच्या लोकांना मी दोन दिवस मनातल्या मनात हसत होते, आणि आमच्या घरी आम्ही वेगळं काय करत होतो?

कौसरमावशींनी चष्मा काढला.

“तू सांगितलंस?”

“व्हय.”

“राबियाआपानं नाही?”

आईनं मान वर केली. “कोण राबियाआपा?”

“माझी मोठी बहीण. खुलताबादला दिलेली. तू एकदा बघितलं होतंस तिला.” मावशींचा आवाज अगदी सपाट झाला. “तिला माझी नोकरी पसंत नव्हती. म्हणायची, परक्या मर्दांना पाणी देत फिरतेस. नोकरी गेल्याचं पत्र आलं तशी मी टांगा करून तिच्या घरी गेले. तिच्या सासूसमोर तिला विचारलं. ती म्हणाली, मी नाही सांगितलं. तिनं कुरआनावर हात ठेवला, सिंधू. मी म्हटलं, तू झूठ बोलतीस.”

सना चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

“मग?” आईनं विचारलं.

“मग काय? नाही बोलले. दर ईदला ती शिरखुर्मा पाठवायची, मी डबा तसाच परत करायची. मुलांच्या शाद्या झाल्या, नाही बोलले. ती गेली तेव्हा तिचा मुलगा स्वतः न्यायला आला होता. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात.”

बाहेर गल्लीत भांडीवाला ओरडत गेला. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नाही. ती एका अपराधाची कबुली द्यायला आली होती. दुसरा तिच्या पदरात आत्ता पडला होता.

“कौसर, मला माफ कर,” ती म्हणाली.

“मला कायको?” मावशी एकदम कडाडल्या. “माझं काय गेलं? नोकरी? त्या उलटीच्या पिशव्या? तू नसतं सांगितलं तर अजून एक साल उचलल्या असत्या, बस. मी तुला आज माफ करते, घे. पण माझं जे गेलं ते नोकरी नव्हे. माझी आपा गेली. तिला सांग.”

“ती तर...”

“खुलताबादेत आहे. गाडी आणलीय ना तुम्ही? सना, माझी काठी दे.”

“दादी, तुम्ही कब्रस्तानात...”

“बायकांनी जाऊ नये म्हणतात, माहीत आहे मला. नव्वदाव्या वर्षी मला कोण अडवतो ते बघते.”

चहा तसाच राहिला.

खुलताबाद

दौलताबादच्या वेशीतून गाडी काढताना मी श्वास रोखून धरला होता. वेस अरुंद आहे आणि समोरून एक टेम्पो घुसला होता. एरवी मी या घाटाबद्दल, किल्ल्याबद्दल, रस्त्याकडेला टोपल्या मांडून सीताफळं विकणाऱ्या बायकांबद्दल सविस्तर लिहिलं असतं. त्या दिवशी मी काही पाहिलं नाही. दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर शेजारी बसल्या होत्या आणि आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. सना पुढे माझ्याजवळ. तिनं आपल्या मावसकाकांना, म्हणजे राबियाआपांच्या मुलाला, फोन करून कबर कुठे आहे ते विचारून घेतलं. तिच्या दादीला ते माहीत नव्हतं.

कबर रस्त्यापासून फार आत नव्हती. कडुनिंबाखाली, साधी, चुन्यानं पांढरी केलेली. फुलं विकणाऱ्यानं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या. कौसरमावशी बसल्या. आई उभीच राहिली, माझा दंड धरून.

तिनं पदर डोक्यावर घेतला. ओठ हलवले.

“काय पुटपुटतेस?” मावशी म्हणाल्या. “मोठ्यानं सांग. तिला शेवटी कमी ऐकू यायचं. मला सनाच्या आईनं सांगितलंय.”

आईनं घसा साफ केला. एक्क्याण्णवाव्या वर्षी तिचा आवाज फुटतो, पण तिनं तो शक्य तेवढा उंच केला. “राबियाआपा,” ती म्हणाली, “मी सिंधू. मास्तरांची सिंधू. कौसरच्या ऑफिसात ते मी सांगितलं व्हतं. तुम्ही नाय. तुम्ही खऱ्या व्हत्या.”

फुलवाला हातातलं काम थांबवून बघत राहिला. मला वाटलं, आता मावशी काही बोलतील, आईला जवळ घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या कबरीकडेच बघत होत्या.

“झालं तुझं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“मग आता तुम्ही गाडीत जाऊन बसा. सना, तू पण जा. माझं राहिलंय.”

आम्ही गाडीत येऊन बसलो. त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून काच वर केली, पण मावशींची पाठ दिसत होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि वाकून बोलायला सुरुवात केली. मधेच हात हलायचा, एखादी गोष्ट समजावून सांगताना हलतो तसा. अर्धा तास झाला. ऊन सरकून त्यांच्या पाठीवर आलं होतं. मी दार उघडून बघून यायला निघाले, तर आईनं माझं मनगट धरलं.

“बोलू दे तिला,” ती म्हणाली. “सगळं आयुष्य सांगायचंय.”

दुपारची अजान झाली. माणसं नमाजाला गेली आणि परतही आली. कौसरमावशी अजून बोलतच होत्या.